बोट, चेहरा आणि बाल्कनीचं दार

माझा नवरा जपानात, तोयोसुच्या एका ऑफिसात लोकांच्या कॉम्प्युटरची कुलपं सांभाळतो. त्याच्या कामाला इंग्रजीत मोठं भारदस्त नाव आहे, पण आईला मी असंच समजावून सांगितलं होतं. "म्हणजे वॉचमनच की," ती म्हणाली. तेव्हापासून त्याचा राग आला की मीही मनातल्या मनात त्याला वॉचमन म्हणते.

अशा माणसाच्या घरात फोन कशाने उघडायचा हा साधा प्रश्न नसतो. मी त्याच्याकडे इचिकावाला राहायला आले त्याच आठवड्यात त्याने मला स्टेशनजवळच्या दुकानात नेऊन फोन घेऊन दिला. काउंटरवरची मुलगी भराभर जपानी बोलत होती, तो मान हलवत होता आणि मी आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होते. करार त्याच्या नावावर झाला, कारण जपानात माझ्या नावावर काहीच नव्हतं. माझा व्हिसासुद्धा त्याच्या व्हिसाला बांधलेला. फोनचा कोडही त्यानेच टाकला. मग फोन माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "मान जरा डावीकडे कर. आता उजवीकडे. झालं. आता हा फक्त तुला ओळखेल."

मला ते तेव्हा फार आवडलं होतं. त्या गावात मला ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं.

कटकट सुरू झाली ती नंतर. त्याचा फोन चार्जिंगला असला, किंवा माझ्या आईने पाठवलेला एखादा फोटो त्याला हवा असला की तो माझा फोन उचलायचा. मी कांदा चिरत असेन, लेकीला भरवत असेन, तो समोर येऊन फोन धरायचा. "बघ इकडे जरा." मी बघायचे, फोन उघडायचा, तो घेऊन जायचा. मी त्याच्यावर अन्याय करणार नाही. चोरून काही वाचणारा तो माणूस नाही आणि माझ्या फोनमध्ये चोरून वाचण्यासारखं काही नव्हतंही. पण आपलं तोंड म्हणजे दाराशेजारी खिळ्याला अडकवलेली किल्ली, ज्याला लागेल त्याने काढून न्यावी, असं मला वाटायला लागलं होतं. एका रविवारी दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर हा उकिडवा बसून फोन माझ्या तोंडापुढे धरून होता. मी दचकलेली पाहून समजुतीच्या सुरात म्हणाला, "झोप तू. डोळे मिटलेले असले की तो उघडतच नाही. चांगली सिस्टीम आहे."

त्याच संध्याकाळी मी सांगितलं की चेहरा काढून टाक आणि मला बोटाचं करून दे.

त्याने करून दिलं, पण व्याख्यान दिल्याशिवाय नाही. "चेहरा काय, बोट काय, दोन्ही नुसत्या सोयी आहेत. खरा मालक कोड."

"मग कोड काय आहे?"

"माझा नेहमीचाच. बँकेलाही तोच आहे, म्हणून उगाच सांगत नाही. आणि तुला काय लागणार? तुझं बोट आहे ना."

एकच कोड चार ठिकाणी वापरू नका म्हणून दिवसभर ऑफिसातल्या लोकांचे कान पिळणारा हा माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण मला हसू आलं आणि मी विषय सोडून दिला. बोट मला पसंत होतं. बोट मागितल्याशिवाय घेता येत नाही, ते आपणच टेकवावं लागतं. कधीतरी फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की तो कोड मागायचा, मग लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण उघडून घ्यावं तसा मी तो नवऱ्याकडून उघडून घ्यायचे. पुढे त्याने घराच्या दारालाही एक यंत्र बसवलं. मग दारही फोनवरूनच उघडायला लागलं आणि जुन्या किल्ल्या ड्रॉवरमध्ये गेल्या.

ही मे महिन्यातली गोष्ट. शनिवार होता, पण ऑफिसात काहीतरी नवीन बसवायचं होतं म्हणून तो सकाळीच तोयोसुला गेला होता. आदल्या रात्री मी साबुदाणा भिजवला होता. पुण्यात आमच्याकडे मे महिन्यात गच्ची वाळवणांनी भरलेली असते आणि इथे मे महिन्याचं ऊन तर फुकट पडलेलं असतं. चीक शिजवला, बाल्कनीत प्लॅस्टिक अंथरलं आणि पळीपळीने पापड्या घालत बसले. आजूबाजूच्या बाल्कन्यांत गाद्या उन्हात टाकलेल्या होत्या. पापड्या घालणारी सगळ्या बिल्डिंगीत मी एकटीच.

लेक तेव्हा अडीच वर्षांची होती. आत खेळत होती. तिचं प्लॅस्टिकचं बदक, काचेचं सरकतं दार, दाराच्या मधोमध असलेली ती छोटी अर्धगोल कडी, सगळं तिला खेळणंच. माशी नको म्हणून मी दार लोटून घेतलं होतं. मागून खट असा आवाज आला. वळून पाहिलं तर ती काचेला दोन्ही हात टेकून हसत उभी होती आणि कडीचा दांडा वर गेला होता. दार आतून बंद झालं होतं.

"कडी खाली ओढ, बाळा," मी म्हटलं. ती आणखीच हसली. मी हाताने करून दाखवलं. तिनेही हात खाली केला, हवेतच. तिला हा नवा खेळ वाटला. मग तिने बदक उचललं, मला दाखवलं, काहीतरी बोलली. काचेतून शब्द ऐकू आला नाही, पण ओठांवरून कळला. ओफुरो. आंघोळीचा टब.

इथे रात्रीच्या आंघोळीचं पाणी सोडून देत नाहीत. सगळं घर एकाच टबात बुडून बाहेर येतं आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी नळी लावून कपड्यांच्या मशीनला वापरतात. मीही शिकले होते. त्या सकाळीही अर्धा टब भरलेला होता, नळी टाकलेली होती आणि नळीमुळे बाथरूमचं दार उघडं होतं. लेक बदक घेऊन पॅसेजमध्ये वळली आणि दिसेनाशी झाली.

फोन कुर्त्याच्या खिशात होता. मी अंगठा टेकवला. फोन थरथरला आणि नाही म्हणाला. बोटांवर साबुदाण्याचा चीक वाळून त्याचा पापुद्रा झाला होता. मी अंगठा चोखला, कुर्त्याला घासला, दातांनी पापुद्रा ओरबाडला. नाही. दुसरं बोट. नाही. मग पडद्यावर बोटाची खूण जाऊन आकडे आले. कोड.

त्या क्षणी मी काय केलं, तर फोन माझ्या तोंडासमोर धरला. चेहरा काढून टाकलेला आहे हे माहीत असताना धरला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. आकडे तसेच.

लेकीचा वाढदिवस टाकला. लग्नाची तारीख टाकली. त्याचं जन्मसाल टाकलं. त्याच्या आईचा वाढदिवस टाकला, तो मला पाठ आहे, कारण दरवर्षी त्याची आठवण मीच करून देते. या माणसाला काय महत्त्वाचं वाटतं हे मला माहीत आहे अशा समजुतीत मी इतकी वर्षं होते. त्यातलं एकही चाललं नाही. मग फोन म्हणाला, थोडा वेळ थांबा.

खाली आणीबाणीच्या कॉलचं बटण होतं, मला दिसलं. पण पत्ता मला जपानीत धड सांगता येत नव्हता, आणि कुठून तरी गाडी निघून इथे पोचेपर्यंत काय होईल एवढंच डोक्यात होतं. नवऱ्याचा नंबर मला पाठ नव्हता. पाठ होता तो फक्त पुण्यातल्या आमच्या लँडलाइनचा, आणि ती लँडलाइन कधीच काढून टाकली होती. पाचव्या मजल्यावरून उडी मारता येत नाही. मी काचेवर मुठी आपटल्या. इथल्या काचा चांगल्या असतात.

दोन घरांच्या बाल्कन्यांमध्ये इथे एक पातळ फळी असते. आणीबाणीत ही फोडून पलीकडे जा, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. राहायला आलो त्या दिवशी नवऱ्याने मला वाचून दाखवलं होतं. पलीकडे एक आजी एकट्या राहायच्या. आमची ओळख लिफ्टमध्ये मान लववण्याएवढीच. बाटलीचं झाकण वेगळ्या कचऱ्यात टाकायचं असतं हे त्यांनीच मला हातवारे करून शिकवलं होतं. मी फळीवर लाथा घालायला सुरुवात केली.

फळी फुटली नाही, पण तिच्या कडेवरून एक पांढरं डोकं डोकावलं. त्यांच्या हातात कपड्याचा चिमटा होता. मी मला येत होते तेवढे शब्द फेकले. मूल. दार. ओफुरो. ओफुरो म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या काचेकडे बोट दाखवून त्या मोठ्याने म्हणाल्या, "ओयात्सु! ओयात्सु!"

ओयात्सु म्हणजे खाऊ. घरात मराठीच बोलायचं हा नियम मीच केलेला. मी तिला कायम खाऊच म्हणायचे. पण तिच्या पाळणाघरात रोज झोपून उठल्यावर बाई ओयात्सु म्हणतात आणि सगळी पोरं धावतात. मी तोंड काचेला लावलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले. ओयात्सु. पलीकडून आजीही ओरडत होत्या. उन्हातल्या गाद्यांआडून दोनतीन माणसं बाहेर आली.

लेक धावत आली. बदक हातात होतं. फ्रॉकच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

त्या बाह्या मी अजून विसरलेली नाही. आजींनी पलीकडून 'खाली'साठीचा जपानी शब्द सांगितला, तो मी काचेला तोंड लावून पुन्हा पुन्हा ओरडत राहिले आणि ती खाऊच्या आशेने कडीला लोंबकळली. दार उघडलं. मी आधी टब रिकामा केला, मग तिला बिस्किट दिलं, मग खाली बसले. निम्म्या पापड्या माझ्याच पायाखाली चिरडल्या होत्या.

संध्याकाळी नवरा आला. मी सांगितलं तेव्हा तो खरोखर पांढरा पडला. लेकीला उचलून कितीतरी वेळ उभा राहिला. मग त्याच्यातला वॉचमन जागा झाला.

"इमर्जन्सी कॉल लॉक असतानाही लागतो, माहीत आहे ना तुला?"

मी प्लॅस्टिकवरच्या वाचलेल्या पापड्या सोडवायला घेतल्या.

"आणि बोटाचा हाच प्रॉब्लेम असतो. म्हणून मी म्हणत होतो, चेहराच ठेव."

"कोड सांग," मी म्हटलं.

त्याने चार आकडे सांगितले. मला त्यांतून काहीच उमगलं नाही.

"अगं, माझ्या स्कूटरचा नंबर. पुण्यातली. तू बसायचीस की."

लग्नाआधी दोन वर्षं मी त्या स्कूटरवर बसत होते. कोथरूड ते कॅम्प, पावसात, उन्हात, त्याच्या खांद्याला धरून. नंबरप्लेट माझ्याच पाठीमागे होती. मागून येणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला ती वाचता येत होती. मागच्या सीटवर बसणारीला तेवढी ती दिसत नाही.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे मी नुसतीच बसून राहिले. त्याला वाटलं मला जुने दिवस आठवले. तो हसला आणि म्हणाला, "बघ, रोमँटिकच होता की नाही कोड?" त्या नंबरात मी आहे असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. चेहरा की बोट यावर आम्ही किती वाद घातला होता. दोन्ही त्याच नंबरच्या जिवावर चालत होतं आणि तो नंबर त्याचा होता.

मी त्याच्यासमोरच, पडदा माझ्याकडे वळवून, जुना कोड टाकला आणि नवा केला. दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमधली एक किल्ली काढली आणि उरलेल्या पापड्या तळून त्यांच्यासोबत पलीकडच्या आजींना देऊन आले. "बाहेरच्या माणसाला घराची किल्ली?" तो म्हणाला. त्याने चार दिवस धुसफूस केली. मी किल्ली परत आणली नाही.

फोनचा करार अजून त्याच्या नावावर आहे. व्हिसा अजून त्याच्या व्हिसाला बांधलेला आहे. बाल्कनीत जाताना मी आजही दाराच्या खाचेत एक चप्पल आडवी घालून जाते, आणि कपडे वाळत घालताना दर मिनिटाला मागे वळून बघते.

मागच्या आठवड्यात त्याला माझ्या फोनमधला लेकीचा एक फोटो हवा होता. "नवीन कोड काय आहे गं?" त्याने सहज विचारलं.

"तुला काय लागणार?" मी म्हटलं.

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग सवयीने त्याने फोन उचलला आणि ओट्यापाशी येऊन माझ्या तोंडासमोर धरला. "बघ इकडे जरा."

मी कांदा चिरत होते. मी वर पाहिलं नाही.