ऐंशी डाव्या बाह्या

कारखान्यात तिला सगळे कात्री म्हणत. एक तर ती कापड कापायची, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. दोन्हींना धार होती आणि दोन्हींची तिला कधी लाज वाटली नाही. गणवेश शिवणारा तो कारखाना. खाली शिलाईची यंत्रं, वर माडीवर एकच लांबलचक कापायचं टेबल. त्यावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूने रेघ मारायची आणि विजेच्या सुरीने सगळे थर एका दमात कापायचे. सुरी चुकली की एक नाही, चाळीस सदरे वाया. म्हणून ते टेबल कुणालाही मिळत नसे. तिला मिळालं होतं, आणि अठरा वर्षं तिची एक रेघ वाकडी गेली नव्हती.

मग तो आठवडा आला. पाच रात्री ती झोपलीच नाही, आणि त्याचं तिला काही वाटलंही नाही. उलट हात शिवशिवत होते, आपण साऱ्या जगाला पुरून उरू असं वाटत होतं. सहाव्या दिवशी बाह्या कापताना साचा एकदा सुलटा आणि एकदा उलटा ठेवायचा, तो तिने दोन्ही वेळा सुलटाच ठेवला. ऐंशी बाह्या कापल्या, ऐंशीच्या ऐंशी डाव्या. खालच्या बायकांनी कपाळाला हात लावला. ती मात्र हसत सुटली, आणि ते हसू काही केल्या थांबेना, तेव्हा तिच्या दादाने तिला मानसोपचाराच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "हा आजार मुळासकट जाईल असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण त्याची चाहूल आधी लागते. तुमच्या बाबतीत झोप उडाली की समजायचं." त्यांनी रोजची गोळी दिली आणि झोपेचे तास लिहायला एक वही. कात्रीला ते बोलणं पटलं. मापाचं बोलणं तिला नेहमीच पटायचं.

घराजवळच्या एका सभागृहात काही माणसं रोज संध्याकाळी तासभर मौन धरून देवापुढे बसत. तीही जाऊ लागली. तिथे मोठ्या बाई म्हणून एक होत्या, त्यांना गोळीचं कळलं. "श्रद्धा पुरी असती तर गोळी लागली नसती," त्या चारचौघांत म्हणाल्या.

"तुमच्या नाकावर चष्मा आहे, मोठ्या बाई," कात्री म्हणाली. "तो आधी उतरवा. मग माझ्या गोळीचं बघू."

मोठ्या बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इकडे दादाचं उलटंच. देवाच्या नादाने पुन्हा डोकं फिरेल, गोळी घे आणि गप घरी बस, असा त्याचा घोशा. तिने दोघांचंही ऐकलं नाही. रोज सगळ्यांसमोर पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घ्यायची आणि मग डोळे मिटायची. तिला ते मौन हवंच होतं. अठरा वर्षं सरळ कापणारी तीच आणि डाव्या बाह्या कापून हसणारीही तीच, हे तिला तिथे बसूनच सोसता आलं. ज्याच्यापुढे ती बसायची, त्याने कधी विचारलं नाही की आज दोघींपैकी कोण आली आहे.

कारखान्यात तिला बटणं लावायला बसवलं होतं. तीन महिन्यांनी मालकांनी बोलावलं. "टेबल घ्या परत. फक्त कुणी विचारलं तर पाठीचं दुखणं होतं म्हणून सांगा."

"पाठ ठणठणीत आहे माझी. बिघडलं होतं ते डोकं. विचारलं तर तेच सांगणार. आणि ज्या दिवशी झोप पाच तासांच्या खाली जाईल, त्या दिवशी मी सुरी धरणार नाही."

"काम अंगावर असलं तरी?"

"तरी."

"मग त्या दिवशी टेबल दुसऱ्याचं," मालक म्हणाले.

तिने मान डोलावली, वर गेली आणि जपून ठेवलेली एक डावी बाही टेबलासमोरच्या भिंतीवर खिळ्याने ठोकली. मालकांनी नाक मुरडलं. बाही तिथेच राहिली.

सात महिने सुरळीत गेले. मग एका सकाळी वहीत तिने दोन तास लिहिले. काम तर गळ्याशी आलेलं, कापड अंथरून तयार, आणि तिला इतकं छान वाटत होतं की काय सांगावं. हात तर नुसते फुरफुरत होते. कुणाला कळणार होतं? तिने बाहीकडे पाहिलं आणि जिना उतरून खाली आली.

"मी दोनच तास झोपलेय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आज कापणार नाही."

"मग टेबल विसरा," मालक म्हणाले.

"विसरणार नाही. पण आज कापणारही नाही."

ती बटणांपाशी बसली. दुपारी डॉक्टरबाईंना फोन केला, त्यांनी गोळी वाढवली. संध्याकाळी सभागृहात मौनाला बसल्यावर ती मुकाट रडली. ते टेबल म्हणजे तिचा जीव होता आणि तो तिने आपल्या हाताने सोडला होता. तरी सोडल्याचा पस्तावा मात्र तिला झाला नाही.

मालकांनी बाहेरून एक कारागीर आणला. चांगला होता बिचारा. तिसऱ्या दिवशी त्याने चाळीस कॉलर बोटभर आखूड कापल्या. मालक ओरडले तेव्हा म्हणाला, "दोन रात्री ताप आहे, साहेब. पण सांगणार कसं? हातचं काम गेलं असतं."

मालकांनी त्या कॉलर बाजूला ठेवल्या. त्याला त्यांनी घरी जाऊन पडायला सांगितलं. मग ते बटणांच्या टेबलापाशी आले. यंत्रं एकेक करून थांबली.

"काल किती तास झोपलात?" त्यांनी विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सात."

"मग वर चला."

कात्रीने मान वर केली नाही. हातातलं बटण तिने चारही भोकांतून नीट शिवलं, गाठ मारली, दोरा तोडला आणि मगच ती उठली.