दाजींचा वरचा सा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. रडू आलं नाही. असं पेपरच्या पुरवणीत लिहू नये म्हणतात, पण महिना होऊन गेला, आता खोटं कशाला लिहू... मनात आलं ते एवढंच, की हा माणूस आता माझ्या फुंकेला कधीच बरं म्हणणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. आम्ही दोघी बहिणी लिंबागणेशच्या बाजूला एकाच गावात दिलेल्या. दाजी तिथल्या दूध सोसायटीचे चेअरमन आणि साऱ्या पंचक्रोशीचे बासरीवाले. लई गोड वाजवायचे, हे त्यांच्या वैऱ्यालाही मान्य करावं लागेल, मी करते. मग एका वर्षी मोठा दुष्काळ पडला, जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, सोसायटीच्या खोलीत कॅन उपडे पडले. त्याच कॅनवर बसून दाजींनी सकाळची शिकवणी सुरू केली. गाव म्हणायचं, "दूध गेलं, आता सोसायटी वाऱ्यावर चालतीया."

मला घेतलं ते अक्कानं हट्ट धरला म्हणून. बासरीही त्यांनीच दिली. धडा एकच. पहिली तीन भोकं झाकून मधला सा धरायचा, आणि बोट न हलवता नुसती फुंक बारीक करून वरचा सां काढायचा. मग रे, मग ग, खालून वर, वरून खाली. माझा मधला सा सरळ यायचा आणि वरचा दरवेळी जरा खाली बसायचा. ओठ आवळले, गाल फुगवले, घेरी येईस्तोवर फुंकलं. दाजी हसायचे. "मेहुणबाई, ही चूल न्हाई. फुंकणी घरी ठिवून या." एकदा मी म्हटलं, "दाजी, बासरीतच काही असंल." त्यांनी ती हातात घेतली, ओठावर जराशी बाहेर फिरवली आणि वरचा सां असा लावला की दारातलं कुत्रं उठून बसलं. "बासरी बरी हाय. तुमचा दमच खोटा हाय."

मी नको नको म्हणत असताना सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनीच माझं नाव पुकारलं. सगळा गाव बसलेला. मी वरच्या सां-वर गेले आणि सूर खाली बसला. मागून कोणीतरी म्हणालं, "दुष्काळात सूरबी आटला की रं." दाजी माईकजवळ बसून मिशीत हसत होते. त्यानंतर मी चार माणसांत बासरी धरली नाही. घरी मात्र धडा सोडला नाही. भाकरी झाल्या की दार लावून सा, सां... माझा दम खोटा, हे मानूनच फुंकत म्हातारी झाले.

तेराव्यानंतर अक्कानं त्यांची बासरी माझ्यापुढं ठेवली. "वाजीव. घर लई गप झालंय." मी सा धरला, फुंक बारीक केली. वरचा सां पहिल्याच फुंकेत सरळ उभा राहिला. पुन्हा केला, पुन्हा तसाच. तडक घरी जाऊन माझी बासरी आणली आणि दोन्हींच्या फुंकायच्या भोकातून केरसुणीची काडी बंद टोकाकडं सारली. त्यांच्या बासरीचं टोक बंद करणारं आतलं बूच भोकाजवळच होतं. माझं पार मागं सरकलेलं, आणि ते मागं गेलं की वरचा सूर उतरतोच. उलथन्याच्या दांड्यानं ते टोकाकडून पुढं ढकललं, वाजवलं... आला. इतक्या वर्षांनी माझा सां जागेवर आला.

"दुष्काळात बांबू वाळला असंल गं," अक्का म्हणाली. "बूच आपसूक सरकलं असंल."

असेल. बूच सरकवायला दुष्काळ पुरतो. पण त्या दिवशी दाजींनी ती ओठावर बाहेर फिरवली होती. सुरातली बासरी कोणी तशी फिरवत नाही. उतरलेला सूर वर ओढायचा असतो तेव्हाच फिरवतात. म्हणजे त्यांना एका फुंकेत कळलं होतं. आणि कळून त्यांनी ती तशीच माझ्या हातात परत दिली.

आता मी रोज सकाळी अक्काकडं जाते. भिंतीवर हार घातलेला फोटो, खाली खुंटीला त्यांची बासरी. तिला मी हात लावत नाही. माझीच घेऊन फोटोकडं तोंड करून बसते. सा, सां. रे, रें. ग, गं. परवा अक्का चहा ठेवत म्हणाली, "आता तरी सोड की गं त्यांला."

"सोडते," मी म्हटलं. "आधी त्यांना ऐकू दे."