धोंड्याला आलेली विजेची गाडी

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याला बोलवायचं म्हणजे नुसता आनंद, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मे महिन्यात पुरण वाटून बघावं. आदल्या दिवसापासून माझे पाय भरून आले होते. पुरणाचे धोंडे, अनारशांचं वाण, आहेर, आणि आमच्या न्हावरे गावातली निम्मी भावकी जेवायला. त्यात जावई आला तो विजेच्या गाडीतून. मग काय, जेवणाआधीच सगळं गाव आमच्या दारात.

गाडी त्याची नव्हती. असल्या गाड्यांच्या मोटरी आणि बॅटऱ्या तपासायच्या, हेच त्याचं कंपनीतलं काम. रविवारभर चालवून बघायला गाडी मिळाली होती आणि सोमवारी सकाळी परत जमा करायची होती.

लेक गाडीतून उतरली ती सरळ माझ्यामागं स्वयंपाकघरात. पाणीसुद्धा प्याली नाही.

"आई, मला चार दिवस ठेवून घे."

मी हातातला झारा खाली ठेवला. "भांडलाय का दोघं?"

"न्हाई गं. मला नुसतं झोपायचंय." सासरी दौंडला पहाटे उठून डबे करायचे, मग रेल्वेची पुण्याची शटल, ऑफिस, परत शटल, परत भांडी. सासू वाईट नाही, नवराही वाईट नाही, हे तीच म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "गाडी किती टक्क्यांवर आलीय ते त्याला न बघता कळतं. मी कितीवर आलेय ते कळत न्हाई."

मी मालकांना गोठ्याकडं बाजूला बोलवून सांगितलं. ते माझ्यावरच उखडले. "खुळी का काय तू? धोंड्याला जोड्यानं आली, जोड्यानंच जातील. वाण देऊन पोरगी ठिवून घेतली तर दौंडात काय तोंड दाखवू? लोक म्हणतील, जावयानं टाकली." भावकी ओट्यावरच बसलेली होती. मी रागारागानं परत स्वयंपाकघरात गेले.

जेवणं झाल्यावर जावयानं मालकांना आणि माझ्या दिरांना दौंड रस्त्यावर चक्कर मारायला नेलं. मलाही बळंच बसवलं. इंजिन नाही, गिअर नाही. एक मोटर पुढच्या चाकांना, एक मागच्या. "पाय दाबला की सगळा जोर एकदमच येतो, मामी. डोकं मागं टेकवा," तो म्हणाला. मी टेकवेपर्यंत त्यानं दाबलं. "आगं आई गं!" दिरांची टोपी मागच्या काचेला. पोटातलं पुरण पाठीला लागलं म्हणा ना. पाय काढला की गाडी आपोआप हळू होते आणि तीच वीज परत बॅटरीत जाते, हेही त्यानं समजावलं. दिरांनी टोपी शोधत विचारलं, "पर एव्हरेज किती देती?"

मग भावकीतला एकेक जण एकेक चक्कर मारून आला. प्रत्येकाला तो जोर बघायचाच होता. नाही कसं म्हणणार बिचारा, जावई माणूस. भर दुपारीच बॅटरी तळाला गेली.

त्यानं डिकीतून जाड केबल काढून आमच्या फ्रिजच्या प्लगला लावली. लाल दिवा. "अर्थिंग नीट नाही," तो म्हणाला. इतकी वर्षं फ्रिज चालला, मिक्सर चालला, अर्थिंगची कुणी चौकशी केली नव्हती. हिलाच तेवढी पाहिजे होती! अर्थिंगची वायर भिंतीमागच्या खड्ड्यात पुरलेली, आणि उन्हानं खड्डा ठणठणीत वाळलेला. अर्थिंग धरावं म्हणून मालकांनी माझी मिठाची बरणी त्यात उपडी केली आणि वर बादल्यांवर बादल्या पाणी. हिरवा दिवा लागला तेव्हा भावकीनं टाळ्या वाजवल्या. मीठ आणायला कुणी उठलं नाही.

पण घरची वीज ती. लोट्यानं हौद भरावा तसं चार्जिंग. त्यात शेतीची लाईट आली, शिवारातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या, घरातला पंखा रेंगाळायला लागला आणि गाडीनं चार्जिंग बंदच केलं. जावई ओट्यावर मोबाईल बघत बसला. मधल्या खोलीत लेक जमिनीवरच, आहेराची साडी न सोडता, झोपून गेली होती. पाणी घ्यायच्या निमित्तानं तो दोनदा आत जाऊन आला. मी भांडी वाजू न देता उचलत होते.

दिवस कलल्यावर जावई उठला. पाटसला हायवेवर जोरात चार्ज करणारं मशीन होतं, तिथवर जायचं, मग पुढं दौंड.

"उठीव तिला," मालक म्हणाले.

मी आत गेले. तोंड उघडं टाकून झोपली होती, लहानपणी झोपायची तशी. मला हात लावायचा धीर झाला नाही. बाहेर येऊन म्हणाले, "उठंना ती." मालकांनी डोळे वटारले आणि स्वतःच आत निघाले.

"मामा, थांबा," जावई म्हणाला. "जरा अडचण आहे. दोघं बसलो तर पाटसपर्यंत चार्ज पुरणार नाही. गाडीत वजन कमी पाहिजे. मी एकटा एसी बंद करून गेलो तर जेमतेम पोचेन. हिला राहू द्या. पुढच्या रविवारी मी बाईकवर येतो न्यायला."

मालक भावकीकडं बघायला लागले.

"बरोबर हाय," दीर म्हणाले. "लोड कमी, तर एव्हरेज जादा." झालं, विषय मिटला. मशीनचं म्हणणं, त्याला कोण नावं ठेवणार?

जावयाला रिकामं कसं पाठवायचं म्हणून मालकांनी कांद्याची भरलेली गोणी आणली आणि दिरांना हाताशी घेऊन डिकीत टाकली. पन्नास किलोची तरी असेल. मी जावयाकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, पटकन मान खाली घातली आणि डिकी लावली. "येतो मामी," एवढंच म्हणाला.

लेक उठली तेव्हा दिवे लागले होते. नवरा दिसेना म्हणून घाबरीघुबरी झाली. "गेला? मला टाकून?"

मी सगळं सांगितलं. ती चक्रावून बघायला लागली. "माझ्या वजनानं? अगं, दोन टनांच्या वर हाय ती गाडी. माझ्यानं काय फरक पडतोय तिला?"

"कांद्याची गोणी पण नेली," मी म्हणाले.

ती म्हणाली, "म्हंजी कळलं होतं त्याला," आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मी केसांतून हात फिरवत राहिले. बरं वाटलं मला, फार बरं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, लेकीचा थोडा हेवाही वाटला. इतक्या वर्षांच्या संसारात मी दमलेय म्हणून माझ्यासाठी असलं धडधडीत खोटं कुणी बोललं नव्हतं. ती परत झोपल्यावर मी तिचं डोकं उशीवर ठेवलं आणि राहिलेली भांडी घासायला बसले.