यंत्राला कपाळ नव्हतं

जळकोटजवळच्या माळावर सोलरच्या प्लेटा बसल्या, तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको तिथं धुण्याच्या कामाला लागलो. प्लेटांवर धूळ बसली की वीज कमी होते. मी पाइप धरायचा आणि तिनं लांब दांड्याच्या पोच्यानं काच पुसायची, अशी वाटणी होती. पाइप कसा धरू नये हे मी दिवसभर तिच्याकडून ऐकायचो. चौथीपर्यंतच्या शाळेत मी जेवढं शिकलो नाही तेवढं त्या माळावर शिकलो.

मग लागोपाठ पाऊस हुकला. प्लेटा धुवायला टँकर यायचा तो गावावरूनच. बाया घागरी घेऊन रस्त्याला उभ्या राहायच्या आणि टँकर त्यांच्या तोंडापुढून निघून यायचा. एके दिवशी आमच्या मंडळींनी पोचा टाकला आणि प्लेटेखालच्या सावलीत फतकल मारली.

"माणसाच्या घशाला पाणी न्हाई अन् काचेला रोज अंघोळ? मी न्हाई करत, जा."

आमचा सुपरवायझर उदगीरचा. त्याला सगळे सायब म्हणायचे. माणूस गोड, पण त्याच्याकडं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. "मावशी, जरा दम काढा. उदगीर जिल्हा होऊन राहिलाय. एकदा जिल्हा झाला की पाणीच पाणी."

मी म्हणालो, "सायब, लातूर जिल्हा झाला तवा मला नुकती मिसरूड फुटली होती. लई पेढे खाल्ले. पण पेढ्यावर पाणी प्यायला आमच्याच आडावर जावं लागलं."

सायबाला हसू आलं, पण टँकर काही वळला नाही. तो पुढं आपोआपच बंद झाला, कारण भरायलाच कुठं पाणी राहिलं नाही. मग कंपनीनं पुण्याहून बिनपाण्याचं यंत्र पाठवलं.

यंत्र म्हणजे एक लांबलचक गोल ब्रश. प्लेटांच्या रांगेवर चाकांनी पुढं सरकायचा आणि सरकता सरकता स्वतःभोवती गरागरा फिरायचा. पाण्याचा थेंब न लागता धूळ खाली. ब्रशाशेजारी एका पट्टीवर छोटी डबी होती आणि डबीत लाल उजेडाचा डोळा. सायबानं समजावून सांगितलं, "हा सेन्सर. ब्रशाचे केस झिजून आखूड झाले की डोळ्यापासून लांब जातात. तो अंतर मोजतो अन् पुण्याला कळवतो. नवा ब्रश म्हणजे शंभर टक्के. झिजंल तसा आकडा उतरतो. लई उतरला की पुण्याहून दुसरा ब्रश येतो."

"म्हणजे चुगलखोर हाय," आमची म्हणाली.

पण यंत्र तिला आवडलं. तिची पाठ सुटली. शिवाय तिच्या हिशेबानं ब्रश म्हणजे केरसुणी आणि केरसुणी म्हणजे लक्ष्मी. चुकून कोणाचा पाय लागला की ती त्याला पाया पडायला लावायची. सायबालासुद्धा लावलं. सायबानं बूट काढून नमस्कार केला, मगच त्याची सुटका झाली.

खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांची पूजा होते. नांगर असेल तर नांगराची, शिवणयंत्र असेल तर शिवणयंत्राची. तिनं घरून हळदीकुंकवाचा करंडा आणि झेंडूची चार फुलं आणली. कुंकू पाण्यात कालवायचं, पण पाणी होतं कुठं? तिनं करडीच्या तेलात कालवलं. मग करंगळीशेजारच्या बोटावर टिळा घेऊन ती यंत्राच्या पुढं-मागं फिरायला लागली.

"काय शोधून राहिली?" मी विचारलं.

"ह्याचं कपाळ कुठंय ओ?"

"मला काय ठाव? सायबाला विचार."

सायब म्हणाला, "मावशी, यंत्राला कपाळ कुठलं?"

"डोळा हाय अन् कपाळ न्हाई? कसली बनावट म्हणायची ही?" असं म्हणून तिनं जिथं डोळा होता तिथंच बोट टेकवलं. हळद, वर कुंकू. सायबानं आणि मी हात जोडले. नारळ फुटला, खोबरं वाटलं, यंत्र सुरू झालं.

त्यानंतर थंडी पडायच्या आत ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. तिच्या जाण्यावर मला लिहिता येत नाही. शाळा कमी पडते, असं समजा.

तेरावा झाला तसा मी कामावर गेलो. घरात भांडीसुद्धा माझ्याशी बोलत नव्हती. यंत्राजवळ गेलो तर डोळ्यावर तिचा टिळा तसाच. तेलातला असल्यामुळं वाळून घट्ट बसला होता आणि त्यात तिच्या बोटाच्या रेघा उमटल्या होत्या. मग रोज सकाळी मी आधी तिथं जायचो. "आज सायबानं उशीर केला." "आज तुझ्या भावाचा फोन आला, रडला अन् मग हरभऱ्याचा भाव विचारला." असं काहीबाही सांगायचो. डोळा ऐकून घ्यायचा. ती असती तर मधीच बोलली असती.

इकडं पुण्याला वेगळाच घोळ झाला होता. एकदा सायब फोन कानाला लावून माळावर येरझाऱ्या घालत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"मामा, पुणं म्हणतंय तुमचा ब्रश वाढून राहिलाय."

"वाढून?"

"आकडा शंभराच्या वर गेलाय. नव्यापेक्षा लांब केस झालेत म्हणे. विचारतात, तिकडं काय लावता?"

"करडीचं तेल सांगा," मी म्हणालो. "अन् एक डोळा माझ्या टकलाला बसवा."

सायब हसून हसून खाली बसला. पण ब्रश काही वाढत नव्हता. केस पार बुडाशी आले होते, काचेवर धुळीचे पट्टे राहायचे आणि मधला दांडा काचेला खर्र खर्र घासायला लागला होता. ते आम्हाला दोघांनाही दिसत होतं. सायबानं फोटो पाठवले, तर पुण्याहून उत्तर आलं की आकडा उतरल्याशिवाय नवा ब्रश निघत नाही. शेवटी त्यांनी एक इंजिनियर मॅडम पाठवल्या.

मॅडम मूळच्या भोकरच्या निघाल्या. केस पिकायला लागलेल्या, बोलायला फटकळ. गाडीतून उतरल्या, यंत्राजवळ गेल्या, वाकून बघितलं आणि मोठ्यानं हसल्या.

"काका, अहो याच्या डोळ्यातच कुंकू घातलंय! याला ब्रश दिसणार कसा? नाकापुढचं कुंकूच दिसतंय. याला वाटतंय केस पार तोंडाशी आलेत."

असं म्हणत त्यांनी खिशातून फडकं काढलं. माझा हात कधी गेला मला कळलं नाही. मी त्यांचं मनगट धरलं होतं. परक्या बाईचा हात असा धरायचा नसतो एवढं मला कळतं. लगेच सोडला.

"पुसायचं न्हाई," मी म्हणालो.

सायबाचं तोंड उतरलं. "मामा, असं काय करताय? दांडा काच घासून राहिलाय. प्लेटा गेल्या तर माझी नोकरी जाईल, तुमचीबी."

"जाऊ द्या."

"अहो काका, नुसतं कुंकू तर आहे," मॅडम म्हणाल्या. "दुसरं लावा ना, बाजूला."

"दुसरं कोण लावणार? ते माझ्या बायकोचं बोट हाय."

मॅडमनी फडक्याची घडी केली, ती परत खिशात ठेवली आणि पुन्हा वाकल्या. या वेळी बराच वेळ बघत राहिल्या.

"रेघा दिसतात बोटाच्या," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम आवाज बदलून सायबावर ओरडल्या, "पेटी आणा हो गाडीतली! उभे काय राहिलात?"

डोळ्यावर काचेचं बारकं झाकण असतं, आट्यांचं, औषधाच्या बाटलीच्या बुचासारखं. हे मला तेव्हा समजलं. मॅडमकडं दुसरं होतं. त्यांनी जुनं झाकण कडेला धरून असं फिरवून काढलं की टिळ्याचा कणसुद्धा हलला नाही, आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"घ्या. हे कंपनीला परत लागत नाही. लागत असलं तरी मी सांगणार नाही."

मी चुन्याची डबी रिकामी केली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि झाकण आत ठेवलं. चुन्याची तेव्हापासून पुडी झाली. बायको होती तेव्हा ती म्हणायची तंबाखू सोडा. निदान तिनं चुन्याला त्याच्या घराबाहेर काढलं.

नवं झाकण बसवलं तसा सायबाचा फोन किंचाळला. आकडा धाडकन खाली. पुण्याला वाटलं ब्रश रात्रीतून टकला झाला. आठवड्याच्या आत नवा ब्रश आला. जुना सायब उकिरड्यावर टाकणार होता. तो शुक्रवार होता. मी म्हणालो, लक्ष्मी हाय, शुक्रवारी बाहेर काढायची न्हाई. तो शनिवारी गेला, तोही सायबानं नमस्कार केल्यावर.

ब्रशासोबत पुण्याहून एक चिकटपट्टी आली होती. मॅडमनी ती डोळ्याच्या खाली, बोटभर अंतर सोडून चिकटवायला सांगितलं होतं. मी अक्षरं जुळवून वाचली: 'कृपया येथे पूजा करू नये'.

पुढची खंडेनवमी आली. पाऊस बरा झाला होता, आडाला पाणी होतं, पण मी कुंकू तेलातच कालवलं. उदगीर काही अजून जिल्हा झालेलं नव्हतं. सायबानं नारळ आणला होता. मी बोटावर टिळा घेतला आणि यंत्रापुढं उभा राहिलो. तिच्यासारखंच मलाही कपाळ सापडेना.

"मामा," सायब घाबरून म्हणाला, "डोळ्याला नका हात लावू. खालची पट्टी वाचा."

"वाचली हाय. मला वाचता येतंय."

मी डोळ्याला हात लावला नाही. चिकटपट्टीवरच टिळा लावला, अगदी शेवटच्या शब्दावर. माझं बोट तिच्यापेक्षा लई जाड. शब्द पुरता झाकला गेला.

सायब वाकला आणि मोठ्यानं वाचायला लागला, "कृपया येथे पूजा करू..." पुढं त्याला काही सापडेना. तो माझ्याकडं बघायला लागला.

"मग करा की," मी म्हणालो. "नारळ फोडा."