कोझुए आणि म्हाताऱ्यांचं रबर

कोझुएची आई सायोको आणि मी हामादा बंदरावर, मासे वाळवायच्या कारखान्यात शेजारी शेजारी उभ्या राहून काम करायचो. शनिवारी दुपारी गावच्या व्यायामशाळेत आम्ही बारा जणी टेबल टेनिस खेळायचो. सायोको तेवढी तरुण, बाकी सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. पोरीला घरी एकटी ठेवणार कशी? म्हणून पाच वर्षांच्या कोझुएला ती सोबत आणायची.

माशांचा क्रेट उलटा टाकून कोझुए त्यावर उभी राहायची. आम्ही सगळ्या तिला मुद्दाम जिंकू द्यायचो. फुमिए आजी मात्र नाही. आजी तेव्हा बहात्तरची. तिच्या बॅटला उंच दाण्यांचं रबर होतं; कितीही जोरात मारा, चेंडू मेल्यासारखा परत यायचा आणि जाळीपाशीच बसकण मारायचा. हरली की पोर टेबलाखाली शिरून भोकाड पसरायची.

"एखादा गेम दिला तर काय बिघडतं, आजी?" मी एकदा म्हटलं.

"दिलेला तिला कळतो गं. बावळट आहे का ती? कोझुए, रडून झालं की चेंडू वेच."

चार वर्षं अशी हरल्यावर एका शनिवारी तिनं आजीला हरवलं. आजीनं आम्हा सगळ्यांना भाजलेली रताळी खाऊ घातली आणि आपल्यासारखंच रबर कोझुएच्या बॅटच्या एका बाजूला स्वतःच्या हातानं चिकटवून दिलं.

बाराव्या वर्षी ओसाकाच्या एका शाळेनं तिचा खेळ बघून तिला वसतिगृहात नेलं. तिथले टेबल टेनिसचे कुराशिगे सर म्हणाले, "हे म्हाताऱ्यांचं रबर काढ. जोर लाव, जोर." तिनं ऐकलं आणि वर्षभर हरत राहिली. नववर्षाच्या सुट्टीत आली, ती आईला म्हणाली, "मी सोडतेय खेळ."

शनिवारी सायोकोनं तिला ओढतच आणलं. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती खुर्चीत बसून खेळत होती.

"ये. मार माझ्या अंगावर. बघू तुझा ओसाकाचा जोर."

कोझुएनं जीव खाऊन मारला. चेंडू जाळीपाशी येऊन मेला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. सातव्यांदा ती मटकन खाली बसली. मला वाटलं, रडतेय. जवळ गेले तर पोट धरून हसत होती.

"आजी, मला असंच खेळायचंय."

"मग मला काय सांगतेस? तुझ्या सरांना सांग."

तिनं सांगितलं. सर चिडले नाहीत. मार्चमध्ये बसनं स्वतःच आले. आजीपुढे कमरेत वाकले, बॅट काढली आणि अकरा-सहानं हरले.

"माझी चूक झाली," घाम पुसत ते म्हणाले.

"चूक कसली, घाई झाली. चहा घ्या, मग दुसरा खेळू."

दुसराही हरले.

पुढं सरांनीच तिला दोन्ही बाजूंनी तयार केलं: एका रबरानं चेंडू मारायचा, दुसऱ्यानं मरू द्यायचा. समोरच्या पोरी गोंधळून जायच्या. सतराव्या वर्षी ती देशाची कनिष्ठ गटातली विजेती झाली. गेल्या महिन्यात मोठ्यांच्या संघात निवड झाल्याचा फोन आला, तेव्हा सायोको हातातले मासे तसेच टाकून कारखान्याबाहेर धावली. एप्रन काढायचंही तिला सुचलं नाही.

सर आता दर मार्चला आपल्या सगळ्या पोरी घेऊन आमच्याकडे येतात. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना हरवतो. दुसऱ्या दिवशी मात्र जरा जड जातं.