'रा.' म्हंजे राहणार

तुम्ही आज ज्या घरात जेवलात, त्या घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का? नसेल तर सांगा, उद्या दोन माणसांनी त्या कागदावर सह्या केल्या, तर तुम्ही संध्याकाळी कुठं जेवाल?

कपाळाला आठ्या घालू नका. हा सवाल केजच्या मनकर्णाला पडला, तोही भाकरी बांधता बांधता. आणि तो पडल्यावर ती बसून राहिली नाही, एवढंच सांगायला हे लिहिलं आहे.

केजला एसटी स्टँडाच्या मागं पिठाची गिरणी आहे. गिरणीला लागून पत्र्याच्या तीन खोल्या. तिथं मनकर्णा अकरा वर्षं भाड्यानं राहते आणि ज्वारीच्या भाकरी करून विकते. ड्रायव्हर, कंडक्टर, कोर्टकचेरीचे कारकून, सगळी तिची गिऱ्हाइकं. गिरणी बंद असली की तिच्या परातीवरची थाप गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येते. पन्नाशीची बाई, उंच, आवाज असा की कंडक्टरनं शिट्टी खिशात ठेवावी. शाळा पाहिली नाही. गल्लीतल्या बुद्धविहारात बायकांचा वर्ग भरायचा, तिथं अक्षरं शिकली. आता ज्या कागदात भाकरी बांधायची तो कागद आधी वाचते. जुनी पेपरं, लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, काही सोडत नाही. गिऱ्हाईक ओरडतं, "मावशी, भूक लागली, नंतर वाचा!" तर ही म्हणते, "थांब रे, एक जोडाक्षर राहिलंय."

हे घर तिला कसं मिळालं ते ऐका. नवरा सेंट्रिंगच्या कामाला पुण्याला गेला आणि तिकडंच रमला. मनकर्णा नऊ-दहा वर्षांच्या लेकीचं, आम्रपालीचं, बोट धरून खोली शोधत हिंडली. चाळीस दिवस! दारोदार तेच. "खोली हाय का?" "हाय की. आडनाव काय म्हणलात?" आडनाव सांगितलं की घरमालकाला एकदम आठवायचं, "अगं बाई, आमचे तर पाव्हणे येणार हायेत." त्या साली केजात एवढे पाव्हणे येणार होते की एसटीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या असत्या.

एका माणसानं आडनाव विचारलं नाही. अभिमन्यूअण्णा. मेंढरं राखणारं घराणं, सिरसाळ्याकडचं. पोराच्या शाळेसाठी केजात तीन खोल्या बांधल्या होत्या, पोरगं शिकून गेलं तशा रिकाम्या पडल्या. अण्णांनी एवढंच विचारलं, "गॅस का चूल?"

"चूल."

"मंग पत्र्याला भोक पाडावं लागंल. धूर कुठून जाईल?" असं म्हणून स्वतः धोतर खोचून वर चढले आणि छिन्नीनं भोक पाडून दिलं. ते भोक मनकर्णा विसरली नाही. पुढचं सगळं वाचताना तुम्हीही विसरू नका.

यंदा दिवाळी झाली आणि अण्णा बन्सी एजंटाला घेऊन आले. पोराला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून केजचं घर काढलं होतं विकायला.

"मनकर्णाबाई, पंधरा दिसात दुसरीकडं बघा कुठंतरी," अण्णा जमिनीकडं बघून म्हणाले.

"अण्णा, घर तुमचं हाय, खुशाल इका. पण आम्रपालीचं नर्सिंगचं शेवटचं वरीस हाय. आन् पंधरा दिसात खोली कोण दिल मला? मागल्या टायमाला चाळीस दिवस हिंडलेती मी. तुमाला ठाव हाय कावून ते."

अण्णांनी बन्सीकडं बघितलं. बन्सीचं तोंड मात्र सैल. "बाई, भाडेकरूसकट घर कोण घेतंय? निम्म्या भावात जाईल. आन् ऐका, बाजारच्या दिवशी गिऱ्हाईक येणार हाय. तुमी तासभर बाजारात जाऊन या. आन् ते समोरच्या भिंतीवरचे फोटो जरा आत ठेवा."

समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते.

"कावून?"

"समजून घ्या की, बाई."

"समजलं. मला मिरच्या आणायच्यात, मी जाते बाजारात. फोटोला काय आणायचं न्हाई. ते हितंच राहतील."

बाजारातून परत आली तर परात पोत्यामागं लपवलेली, चुलीवर गोणपाट टाकलेलं. फोटो भिंतीवरच होते, पण वर टॉवेल लटकवला होता, वाळत घातल्यासारखा. मनकर्णानं टॉवेल ओढला आणि त्यानंच चूल पुसली. तो टॉवेल बन्सीचा होता.

मग पंधरा दिवस झाले, वीस झाले. अण्णा आले नाहीत, बन्सीही नाही. मनकर्णाला वाटलं, मिटलं.

तालुक्याच्या नोंदणी कचेरीबाहेर खरेदीखतं टाइप करून देणारा प्रवीण तिचं जुनं गिऱ्हाईक. चाळिशीचा, पोट सुटलेला, दोन भाकरीवर तिसरी मागणारा. टाइप करताना चुकलेले कागद तो गठ्ठ्यानं आणून द्यायचा, भाकरी बांधायला. त्या दिवशी सकाळी त्यानं नेहमीसारखा गठ्ठा टाकला आणि बाकावर बसला. मनकर्णानं वरचा कागद उचलला, भाकरी ठेवणार तेवढ्यात नेहमीप्रमाणं वाचायला लागली.

"पूर्वेस... नाली. पश्चिमेस... पिठाची गिरणी. दक्षिणेस बोळ. उत्तरेस..." तिनं मान वर केली. समोर बोळ होता. उजव्या हाताला गिरणी घरघरत होती.

"आई, काय झालं?" आम्रपालीनं विचारलं.

"ह्या कागदाच्या मधी आपण उभे हावोत गं."

प्रवीणच्या हातातला घास थांबला. "मावशी, मी काय सांगितलं न्हाई हं!"

"तू कशाला सांगशील? कागद सांगतोय की. कवा हाय हे?"

"मावशी, माझी रोजीरोटी..."

"प्रवीण! कवा हाय?"

"आजच. अकराला."

साडेदहा वाजले होते. मनकर्णानं तव्यावरची भाकरी तव्यावरच सोडली. अकरा वर्षांत तिच्या हातून जळलेली ती एकच भाकरी. आम्रपालीनं रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, शाळेचा दाखला, ज्या ज्या कागदावर ह्या घराचा पत्ता होता तो कागद पिशवीत कोंबला. "आई, चप्पल तरी घाल!" तोवर आई गिरणीच्या पुढं गेली होती, पिठाच्या हातानं, तो कागद धरून.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली बाकडं होतं. त्यावर अण्णा, शेजारी बन्सी, आणि काठाच्या साडीतली एक बाई, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. ह्या सत्यभामाबाई, चकलांब्याच्या शाळेत मास्तरीण. घर त्याच घेणार होत्या. आतून टोकन पुकारत होते. पंधरा झालं होतं, अण्णांचं सतरा.

"अण्णा! थांबा जरा. एक शब्द अडलाय, तेवढा सांगा."

अण्णांचा चेहरा पडला. बन्सी आडवा आला. "बाई, हितं शाळा भरली न्हाई. घरी जा."

"तुला न्हाई इचारलं बे. हे बघा, तुमच्या नावाच्या म्होरं 'रा' हाय आन् त्याच्या म्होरं टिंब हाय. हे 'रा' म्हंजे काय?"

आणि इथं एक गंमत झाली. तीस वर्षं फळ्यापुढं उभी राहिलेली बाई. कुणी शब्दाचा अर्थ विचारला की जीभ आपोआप चालते. सत्यभामाबाई म्हणाल्या, "रा. म्हणजे राहणार."

मनकर्णा गर्रकन त्यांच्याकडं वळली. "मास्तरीण हाव का तुमी? बरं झालं. मंग म्होरचं वाचा. मला जोडाक्षरं जड जातात."

सत्यभामाबाईंनी चष्मा लावला. चहावाल्यानंही गाळणं हातातच धरलं. "लिहून देणार, अभिमन्यू... वय एकसष्ट, धंदा शेती, रा. सदर घरी, केज. घर लिहून देणार यांच्या स्वतःच्या वापरात असून..." त्या थांबल्या. "असून इतर कोणीही त्यात राहत नाही."

"लिहून देणार हे. लिहून घेणार तुमी. आन् त्या घरात राहणार कोण, ते कुठं लिवलंय? मी काय त्या भिंतीचा गिलावा हाय का, घराबरोबर जायला?"

"अण्णा, तुम्ही तर म्हणालात तुम्हीच असता तिथं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"असतो की. अधूनमधून."

"असता?" मनकर्णानं कमरेवर हात ठेवले. "मंग सांगा, मागचं दार कसं लागतंय?"

"कसं म्हंजे? कडी घातली की लागतंय."

"न्हाई लागत! चौकट खचलीय चार वर्सांपूर्वी. आदी गुडघ्यानं दार वर उचलायचं, मंग कडी बसती. अकरा वरीस गुडघा झिजलाय माझा तिथं. मोरी कुठं हाय?"

"मागं, कोपऱ्यात."

"होती! मी पुढं घेतली. सिमिट मी कालवलं, फरशी आम्रपालीनं बसवली. आता लाईटचं बटण सांगा, कोणचं दाबलं की कोणचा दिवा लागतो?"

लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "अण्णा, नापास!" बन्सीनं "ए, गप बसा बे" केलं, तर जास्तच हसले.

"शेवटचं," मनकर्णा म्हणाली. आवाज आता तेवढा चढा नव्हता. "कोणचा पत्रा गळतोय?"

अण्णांनी आपल्या हाताकडं बघितलं. मग हळू म्हणाले, "चुलीवरचा. भोकापाशी."

"बरुबर."

"ते भोक मीच पाडलंय."

"व्हय. तुमीच पाडलंय. सगळ्या केजात आडनाव न इचारता तुमीच दिली खोली. म्हणून तर हे बोलताना माझं तोंड दुखतंय, अण्णा. दुसरा कोणी असता तर आतापर्यंत त्याला ह्या लिंबाला बांधला असता मी. तुमी माझ्या म्होरं येऊन म्हणला असता, बाई, अमक्याला इकतो, तमक्या दिवशी. मी पाणी दिलं असतं त्या बाईला. मला गोणपाटाखाली कशाला झाकलं?"

आतून आवाज आला, "टोकन सतरा!"

बन्सी उठला. "चला चला, मागनं बघू ह्यांचं."

अण्णा उठले आणि परत बसले. "जाऊ दे नंबर."

सत्यभामाबाईंनी पर्स बाजूला ठेवली. "एक सांगू का? मी घर बघायला आले तेव्हा त्या गोणपाटावर हात ठेवला होता. गरम होतं. रिकाम्या घरात चूल गरम कशी, हे मी पोरांना विचारलं असतं तर पोरांनी सांगितलं असतं. मी मात्र विचारलं नाही. घर आवडलं होतं ना."

असं कबूल करणारी माणसं कमी. पण म्हणून ती बाई देवमाणूस आहे असं समजू नका. लगेच बोट उगारलं. "घर मी घेणार म्हणजे घेणार. मी रिटायर व्हायला दीड वर्ष आहे. त्यानंतर मला रिकामं लागेल. तेव्हा रडारड चालणार नाही."

"दीड वर्सात माझी लेक नर्स हुईल. मंग कोणाला हौस हाय तुमच्या गळ्यात पडायची? पण तवर दर महिन्याला पावती पाहिजे. माझ्या नावाची."

"देईन. आणि ती चूल बंद करा. भिंती काळ्या होतात."

"चूल राहणार."

"अहो पण..."

"बाई, चूल हाय म्हणून भाकर हाय, भाकर हाय म्हणून तुमचं भाडं हाय. जाताना चुना मारून दिते. चूल राहणार."

सत्यभामाबाईंनी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "ऐकायच्या न्हाईत त्या." मग बाई हसल्या.

प्रवीण एव्हाना आपल्या टेबलापाशी येऊन बसला होता, तोंड कॉम्प्युटरमागं लपवून. खरेदीखत नव्यानं टाइप करायचं ठरलं.

"मावशी, ह्यात तिसऱ्या माणसाला जागाच नसती. देणार आन् घेणार, बास."

"मंग कर जागा. तुझ्या बोटाखाली तर हाय."

त्यानं नवा परिच्छेद घातला. "मनकर्णा, वय पन्नास, धंदा... घरकाम लिहू?"

"भाकरी लिही."

"मावशी, असं नसतंय."

"तू रोज काय खातोस? घरकाम खातोस का?"

धंदा भाकरी, रा. सदर घरी. अकरा वर्षांपासून भाडेकरू, लिहून घेणार यांस हे मान्य, दीड वर्ष राहणार. खरेदीखतात हे आलं, शिवाय भाडेकरार वेगळा झाला. बन्सी म्हणाला, "अंगठा घ्या बाईचा." मनकर्णानं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि पेन मागितलं. नावातलं जोडाक्षर तिनं जीभ दाताखाली धरून काढलं. कागदावर सहीच्या शेजारी पिठाची तीन बोटं उमटली. प्रवीण झटकायला गेला तर सत्यभामाबाई म्हणाल्या, "राहू द्या."

दुपारी अण्णा घरी आले, माळ्यावरची जुनी पेटी न्यायला. मनकर्णानं भाकर-पिठलं वाढलं. जाताना अण्णा मागच्या दारानं गेले. मनकर्णाला आतून ऐकू आलं: आधी गुडघ्याचा ठप् आवाज, मग कडी बसल्याचा. बाहेरून लागलेली कडी! ती ओरडली, "अहो अण्णा, मी आत हाय की!" आणि बाहेरून अण्णांचं हसणं आलं, कडी निघाली. "बघत होतो, जमतंय का."

आम्रपालीची परीक्षा उन्हाळ्यात आहे. चूल चालू आहे. फोटो समोरच्या भिंतीवर आहेत आणि बन्सीनं टॉवेल परत मागितलेला नाही.

आता तुम्हाला एकच मागणं आहे, आणि मी ते हात जोडून करत नाही, हक्कानं करतो. घर विकत असाल, घेत असाल, तर सही करायच्या आधी त्या घराचं दार वाजवा. आतून कोण ओ देतंय ते ऐका, आणि त्याचं नाव कागदावर 'रा.' म्हणून लिहा.