दोनच बटणं

तापलेल्या अ‍ॅडॅप्टरचा वास आला की घाटंजीचं ते व्हिडिओ गेमचं दुकान आठवतं, जिथे पोरी जात नसत. भाव नव्हता म्हणून त्या वर्षी आमच्या पुढच्या खोलीत कापूस पडून होता आणि त्या ढिगावर बसून, अ‍ॅडॅप्टर तापेपर्यंत, मी टीव्ही गेमवर मारामारीचा खेळ शिकले. दुकानातल्या मोठ्या मशीनची ती गरीब नक्कल होती, रंग फिके, खेळाडू निम्मे, सहाऐवजी दोनच बटणं. एक दिवस मी त्या दुकानात शिरले. घरी शिकले म्हटल्यावर दुकानदार हसला, "घरचा खेळ नकली असते पोरी, इथं नाही टिकत." "मंग तुम्हीच या समोर," मी म्हटलं. दोन्ही डावांत त्याचा गडी आडवा झाला. "बाकीचे चार बटन काहून नाही दाबले?" "कामच नाही पडलं." आता फोनवर तोच खेळ हुबेहूब मिळतो, सहाही बटणांसकट. मी अजूनही दोनच दाबते.